नेटच्या वेगाची नोंदवही

“सर, स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवता का?” कोथरूड असो की खराडी, नेट रडतंय म्हणून ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला की पलीकडून हे वाक्य ठरलेले. रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, टीव्हीवर गोल चकती फिरत असते आणि ग्राहकाचा पारा चढलेला असतो. तो टेस्ट करतो, आकडा येतो १४. स्क्रीनशॉट जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कंपनीचा माणूस येतो, राउटरसमोर उभा राहून स्वतःच्या मोबाइलवर तीच टेस्ट करतो. आकडा येतो ९६. “इकडनं तर ओके दाखवतंय, सर.” दोघांचेही आकडे खरे असतात, प्रत्येकाने वेळ तेवढी आपल्या सोयीची निवडलेली असते.

असा वाद एका स्क्रीनशॉटने मिटणे शक्यच नाही. नेटचा वेग दिवसभर वरखाली होत असतो, त्यामुळे मोजणीही ठरलेल्या वेळी, राग आलेला असो वा नसो, निदान आठवडाभर व्हायला हवी. माणसाला तिसऱ्याच दिवशी याचा कंटाळा येतो. म्हणून हे काम ब्राउझरच्या गळ्यात मारायचे. एक छोटी स्क्रिप्ट दर तासाला ब्राउझर उघडते, स्पीड टेस्टच्या पानावर जाते, आकडा स्थिर होईपर्यंत थांबते, तो फाइलमध्ये लिहिते आणि ब्राउझर मिटते. सगळा मिळून तीस-चाळीस ओळींचा मामला. आणि या ओळी लिहिता येणारी माणसे पुण्यात एकेका सोसायटीत सापडतील, कारण हिंजवडी, मगरपट्टा, खराडीतल्या कितीतरी जणांची रोजीरोटीच ती आहे: कुठल्याशा बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या संकेतस्थळाची बटणे यंत्राकडून दाबून घ्यायची आणि सगळे जागेवर आहे ना ते पाहायचे.

या धंद्यातले सर्वांत ओळखीचे हत्यार म्हणजे सेलेनियम. २००४ मध्ये शिकागोच्या थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स हा प्रोग्रामर कंपनीच्याच एका अंतर्गत प्रणालीवर काम करत होता; कर्मचाऱ्यांनी आपले तास आणि खर्च तिच्यात नोंदवायचे. कोडमध्ये काही बदलले की तीच बटणे पुन्हा हाताने दाबून पाहावी लागत. त्याला कंटाळून त्याने ब्राउझरच्या आतूनच बटणे दाबणारी जावास्क्रिप्ट लिहिली. त्या काळी या बाजारात मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा दबदबा होता. पुण्यातल्या जुन्या टेस्टरांना तिचे क्यूटीपी हे टेस्टिंगचे सॉफ्टवेअर आठवत असेल, त्याच्या क्लासेसच्या जाहिरातीही. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा चालतो, अशा थट्टेतून हगिन्सच्या हत्याराचे नाव पडले. मर्क्युरी कंपनी २००६ मध्ये एचपीने विकत घेतली. सेलेनियम मात्र फुकट राहिले आणि पसरत गेले. त्याच थॉटवर्क्समध्ये सायमन स्टुअर्टने वेबड्रायव्हर नावाची वेगळी वाट शोधली; दोन्ही प्रकल्प पुढे एकत्र झाले आणि जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हरला डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी हे चारही ब्राउझर आज स्क्रिप्टचे हुकूम पाळतात ते याच मानकामुळे.

हे हत्यार ऑफिसातून घरच्या राउटरकडे वळायला २०२० उजाडावे लागले. महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले. १३ मार्चला दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरची बंधने सैल केली आणि महिनाअखेरीपर्यंत आयटी पार्क ओस पडून सगळा कारभार दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आला. तोवर घरचे नेट ही करमणुकीची सोय होती. आता मीटिंग तुटली की वरिष्ठ विचारणार, आणि “नेट गेलं होतं” याला पुरावा काय?

पुरावा कसा गोळा करावा, याचा धडा पुण्याला बाहेरून शिकायची गरज नाही. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून शिवाजीनगरला आले. त्या इमारतीमुळे चौकाला आणि बसथांब्याला अजून लोक सिमला ऑफिसच म्हणतात. हवामान खाते पाऊस मोजते तो सकाळी साडेआठला. आदल्या दिवशीच्या साडेआठपासूनचे चोवीस तास एका नोंदीत. पाऊस पडला नसेल तरी शून्य लिहायचे, मुसळधार असेल तरी वेळ चुकवायची नाही. चिडलेल्या ग्राहकाचा स्क्रीनशॉट आणि तंत्रज्ञाची सकाळी अकराची टेस्ट या दोन्हींत नेमकी हीच शिस्त नसते.

आता प्रत्यक्ष स्क्रिप्टकडे. शिकायला सोपे पान म्हणजे नेटफ्लिक्सचे फास्ट डॉट कॉम, मे २०१६ मध्ये सुरू झालेले. तिथे बटणही दाबावे लागत नाही; पान उघडले की मोजणी सुरू. नेटफ्लिक्सचा त्यात स्वतःचा हिशेब आहे. मोजणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरांवरून होते, म्हणून एखाद्या कंपनीने टेस्टला मोकळी वाट दिली की ती नेटफ्लिक्सच्या सिनेमांनाही मिळते, आणि सिनेमांची वाट अडवली की टेस्टचा आकडाही पडतो.

पान उघडल्यावर मधला मोठा आकडा नाचू लागतो. १२, ३१, ५८, ७७, ८४, ८२. तो थांबला की रंग बदलतो आणि पानाच्या कोडमध्ये त्या आकड्याला ‘सक्सीडेड’ अशी खूण चिकटते. नवशिका इथे सरळ लिहितो, “तीस सेकंद थांब आणि आकडा वाच.” चांगल्या दिवशी ते चालते. नेट मंदावलेले असते तेव्हा पान उघडण्यातच वीस सेकंद जातात, मोजणी अर्धी राहते आणि फाइलमध्ये भलताच आकडा पडतो. म्हणजे ज्या घटकेसाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच घटकेची नोंद बिघडते. जाणता माणूस घड्याळ सोडून त्या खुणेची वाट पाहायला सांगतो: खूण दिसेपर्यंत थांब, फार तर दोन मिनिटे.

आणि दोन मिनिटांतही खूण दिसली नाही तर? बहुतेक घरगुती स्क्रिप्टा इथेच फसतात. नेट पार गेलेले असले की पान उघडतच नाही, स्क्रिप्ट लाल अक्षरांत कुरकुर करून बंद पडते आणि फाइलमध्ये काहीच लिहीत नाही. आठवड्याच्या शेवटी सरासरी काढायला बसावे तर सर्वांत वाईट तास यादीतून गायब! नेट जितके जास्त वेळा मेले, तितकी सरासरी सुंदर. म्हणून अपयशाचीही ओळ लिहायचीच: तारीख, वेळ, शून्य, कारण.

कारणाचा रकाना पुण्यात विशेष कामाचा. दुरुस्तीच्या कामांसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची इथली रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर मात्र मेलेला, अशी गुरुवारची भोके नोंदवहीत पडणार, आणि ती नेटकंपनीच्या नावावर खपवणे बरे नव्हे. उपाय सोपा. टेस्टच्या आधी स्क्रिप्टने घरच्या राउटरला हाक मारायची. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. तो बोलला नाही तर वीज किंवा वायफाय गेले. तो बोलला पण बाहेरचे कुणी बोलले नाही, तर दोष पुढच्या लाइनीत. फायबरच्या डबीवरचा एलओएसचा लाल दिवा तेव्हा पाहून ठेवावा. तो पेटला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही; झाडावरून, खांबावरून लोंबत आलेली तार कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. तो पेटलेला नसूनही बाहेर काही जात नसेल तर भानगड आणखी वरची.

स्क्रिप्ट वेळेवर उठवायला लिनक्सवर क्रॉन आणि विंडोजवर टास्क शेड्युलर असतो. एक छोटी युक्ती: तासाच्या ठोक्याला टेस्ट लावू नये. जगभरची स्वयंचलित कामे शून्य मिनिटाला जागी होतात, त्या गर्दीत कशाला शिरायचे? नऊ वाजून सतरा मिनिटे ही वेळ छान. लॅपटॉप झोपला की क्रॉनही झोपतो, हेही ध्यानात ठेवावे. जुना, कोपऱ्यात पडलेला लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक या कामाला उत्तम. आणखी एक जुनी डोकेदुखी होती. २०२१ च्या सप्टेंबरपासून क्रोम दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढू लागले, आणि क्रोमशी बोलणारा मधला ड्रायव्हर जुना राहिला की स्क्रिप्ट एके सकाळी अचानक मूग गिळून बसे. नोव्हेंबर २०२२ च्या सेलेनियम ४.६ पासून योग्य ड्रायव्हर आपोआप उतरवला जातो, तेव्हापासून हा ताप बराच कमी झाला.

इतके करूनही प्रश्न उरतोच: ब्राउझर हवाच कशाला? कमांड लाइनवर एका ओळीत चालणाऱ्या टेस्ट आहेत. २००६ मध्ये स्थापन झालेल्या ऊक्ला या स्पीडटेस्टवाल्या कंपनीने स्वतः तशी सोय दिली आहे, आणि एम-लॅब या खुल्या प्रकल्पाची एनडीटीही तशी चालवता येते. खरे सांगायचे तर रोजच्या नोंदीसाठी तीच वाट जास्त टिकाऊ. पानाची रचना बदलली म्हणून ती मोडत नाही. शिवाय काही संकेतस्थळांच्या अटींत यंत्राकडून पान चालवायला मनाई असते, ती आधी वाचलेली बरी. ब्राउझरची बाजू एवढीच, की सेवा केंद्र ज्या पानाचा स्क्रीनशॉट मागते तेच पान, तसेच्या तसे मोजले जाते आणि स्क्रिप्ट दर वेळी स्क्रीनशॉटही काढून ठेवते. वादात समोरच्याच्या फूटपट्टीने मोजलेले कधीही चांगले.

फूटपट्ट्या वेगळ्या असतात हे मात्र पक्के. ऊक्लाची टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून पाइप भरून काढते. एनडीटी एकच जोडणी वापरते. त्यामुळे एकाच घरात, एकाच मिनिटाला दोघींचे आकडे जुळत नाहीत, आणि त्यात कुणीही लबाड नसते. सर्व्हर कुठला हेही महत्त्वाचे. टेस्ट आपण होऊन जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो कंपनीच्याच पुण्यातल्या खोलीत असला तर आकडा फार गोड येतो. स्क्रिप्टने शक्य तिथे मुंबईचा एक सर्व्हर पक्का करून ठेवावा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. मधल्या यंत्रांचा वेळ धरून पिंग पाच-सात आला तर ठीकच म्हणायचे. रोज रात्री तोच पन्नासवर जात असेल, तर माहिती कुठेतरी रांगेत उभी आहे.

ही रांग लागते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. घरी येणारे फायबर बहुधा जीपॉन पद्धतीचे असते. परिसरातल्या केंद्रातून निघालेला एक तंतू स्प्लिटरमध्ये फुटून ३२ किंवा ६४ घरांत जातो, आणि त्या सगळ्यांत मिळून खाली येणारा वेग असतो २.४८८ गिगाबिट. चौसष्ट घरांनी प्रत्येकी १०० मेगाबिटचा प्लॅन घेतला तर विकलेला वेग ६.४ गिगाबिट झाला. दुपारी कुणी नसते, सगळे खूश. रात्री जेवणे उरकली की चौसष्ट टीव्ही लागतात. यात बेकायदा काही नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ब्रॉडबँडसाठी ५० जणांत एक असा वाटा चालवून घेतलेला आहे. पुष्कळदा अडचण तंतूत नसतेच, छोट्या ऑपरेटरने वरून घेतलेली बँडविड्थ अपुरी पडते. नोंदवहीत हे लगेच कळते. रोज साडेआठ ते अकरा खड्डा आणि बाकी दिवस सपाट, तर गर्दी. वेळकाळ न पाहता खड्डे, तर तार किंवा जोडणी.

आणि कधी कधी वेग दिवसरात्र ९३-९४ वरच चिकटलेला दिसतो, प्लॅन २०० चा असला तरी. अशा वेळी नेटकंपनीला फोन लावण्याआधी राउटरची पाठ पाहावी. स्वस्त राउटरची भोके १०० मेगाबिटचीच असतात आणि पाकिटांवरचा पत्ता-शिक्का वजा जाता हातात ९४ च्या आसपास उरतात. केबलच्या आठ तारांपैकी चारच नीट जोडल्या असतील तरी हेच होते. राउटर किंवा केबल बदलली की रोग गेला. वायफायवर मोजणेही असेच घात करते. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती आणि शेजारच्या बारा राउटरांची २.४ गिगाहर्ट्झवरची गर्दी यांचा दोष कंपनीवर कसा ढकलणार? मोजणारा संगणक केबलने जोडलेला असावा, नाहीतर समोरच्याचे पहिले वाक्य तयारच असते.

एक इशारा डेटाचा. ३०० मेगाबिटच्या जोडणीवर पंधरा सेकंदांची डाउनलोड टेस्ट म्हणजे सुमारे ५६० मेगाबाइट. (मेगाबिटला आठाने भागायचे, तेव्हा मेगाबाइट.) दर तासाला एक धरली तर दिवसाला साडेतेरा गिगाबाइट, महिन्याला ४०५. ‘अमर्याद’ म्हणून घेतलेल्या अनेक प्लॅनांना बारीक अक्षरांत ३,३०० गिगाबाइटची मर्यादा असते. तिचा आठवा हिस्सा वेग मोजण्यातच गेला. रात्री आठ ते अकरा दर अर्ध्या तासाला आणि एरवी दर तीन तासांनी, एवढी मोजणी पुरे. त्यातही टेस्ट चालू असताना घरातल्या कुणाची मीटिंग अडखळू शकते, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवलेले शहाणपणाचे.

दोन आठवड्यांची फाइल हाती आली. पुढे काय?

अमेरिकेत २०१६ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या एका ग्राहकाने रास्पबेरी पायवर तासागणिक टेस्ट लावली होती. १५० मेगाबिटच्या प्लॅनवर वेग ५० च्या खाली गेला की यंत्र आपोआप कंपनीच्या नावाने ट्वीट करी. गंमत म्हणून ठीक. जर्मनीने मात्र हे थेट कायद्यात बसवले. डिसेंबर २०२१ पासून तिथे करारातला वेग मिळत नसेल तर बिल कमी करून घेण्याचा किंवा करार तोडण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि पुरावा कसा हवा तेही ठरलेले: नियामकाच्या अ‍ॅपवर, केबल लावून, तीन वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा अशा ३० मोजण्या. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी घरांना हा सोहळा परिचयाचा असेल.

आपल्याकडे आकड्यांची व्याख्याच हळूहळू वाढत आली. २००४ च्या धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ पासून २ मेगाबिट. म्हणजे २०० च्या प्लॅनवर रात्री १४ मिळाले तरी व्याख्येनुसार ते ब्रॉडबँडच. ट्रायच्या २००६ च्या सेवा-दर्जा नियमावलीत विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा असे होते, पण तो कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत. मुंबईच्या किंवा सिंगापूरच्या सर्व्हरचा त्यात संबंध नव्हता. ऑक्टोबर २०२४ पासून त्या जागी नवी नियमावली लागू झाली. ट्राय वैयक्तिक तक्रारी चालवत नाही. आधी कंपनीचे तक्रार केंद्र, तिथला डॉकेट क्रमांक, मग कंपनीचेच अपील प्राधिकरण, अशी पायरी २०१२ च्या नियमांनी घालून दिली आहे. डॉकेट क्रमांकही नोंदवहीत त्या त्या तारखेसमोर लिहून ठेवावा.

तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालतात की नाही यावर बरीच वर्षे वाद होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालतात असा निर्वाळा दिला. ग्राहक चळवळीला पुणे नवखे नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती इथेच, देशात ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या बारा वर्षे आधी.

आयोगापुढे फाइल ठेवायची तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार तो ठरलेला: आकडे नंतर बदलले नाहीत कशावरून? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना आहे आणि त्यात फाइलची हॅश लिहायची जागा आहे. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला ठसा; एक आकडा, एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो. पायथनमध्ये त्यासाठी हॅशलिब तयारच असते. रोज मध्यरात्री त्या दिवसाच्या फाइलचा ठसा काढून तो स्वतःलाच ईमेलने पाठवायचा, म्हणजे ठशावर तारीखही पडते. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी आणखी आठ-दहा ओळी वाढतात.